धवल्यातलं नाव

आईचा आवाज गोड नव्हता. जाड होता, थोडा नाकातून यायचा, आणि पहिली ओळ ऐकून नव्या माणसाला वाटायचं की ही बाई कुणाशी तरी भांडतेय. पण आमच्या गावात लग्न लागायचं ते त्या आवाजावर. आम्हा आगऱ्यांच्या लग्नाची कामं भटजी दारात येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि ती चालवते धवलारीण. मांडव उभा राहिला, तांदूळ निवडायला घेतले, उंबराची फांदी आणली, नवरदेवाला हळद लावली, की त्या त्या कामाचं वेगळं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. धवलारीण एक ओळ म्हणते आणि भोवतीच्या बायका ती उचलून धरतात. गाणं पिढ्यान् पिढ्या तेच, फक्त मध्ये एक जागा मोकळी असते. तिथे त्या घरच्या मुलाचं नाव यायचं. आई नव्या लग्नाला निघाली की दारात थांबून नवरदेवाचं नाव दोनदा-तीनदा पुटपुटून घ्यायची, भाजीला काय आणायचं ते पुटपुटावं तसं.

आमचं गाव कामोठ्याच्या मागे, खाडीच्या अंगाला होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण आता सेक्टरांच्या इमारतींमध्ये ते असं दडलंय की रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागतं. माझ्या लहानपणी पुढच्या बाजूला इमारती आणि मागच्या बाजूला खाजण, अशी दोन्हीकडची हवा घरात यायची. सकाळी पाया खणणाऱ्या यंत्राचे ठोके आणि संध्याकाळी चिखलातून परतणाऱ्या बगळ्यांचा कालवा. आमचं आणि काकांचं घर एका भिंतीचं, पडवी सामाईक. उन्हाळ्यात त्या पडवीत तांदळाच्या पापडांची चळत, एका कोपऱ्यात सुकट आणि वाकटीची टोपली, आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेली मांजर. बेबी काकी, म्हणजे माझ्या काकांची बायको, आईच्या धवल्याची पहिली साथीदार. आईने ओळ टाकली की सगळ्यात आधी उचलायची ती काकी. दोघी भाकऱ्या भाजतानाही तशाच बोलायच्या. एकीने वाक्य सुरू करायचं, दुसरीने संपवायचं. काकी आईला ‘बाय’ म्हणायची. त्यांच्यात भांडण झालेलं मला आठवत नाही, आणि पुढे जे झालं त्यालाही भांडण म्हणता येत नाही.

माझा दादा, नितेश, कळंबोलीला लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला होता. उरणकडची मुलगी ठरली होती, साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात. त्या हिवाळ्यात आमच्या घरी एकाच गोष्टीवरून वाद चालायचा की दादाच्या लग्नात धवले कोण गाणार. नवरदेवाच्या आईला मांडवात तिची कामं असतात, तिला धवलारीण होऊन बसता येत नाही, असं काकीचं म्हणणं. आई म्हणायची, सगळ्या गावाच्या पोरांना मी हळदीला बसवलं आणि माझ्याच पोराच्या वेळी दुसरीकडून बाई आणू? दादा जेवता जेवता दोघींना चिडवायचा, की मी कॅसेट लावतो, दोघी गप्प बसा. मग दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडायच्या.

होळीनंतर एका दुपारी दादा मोटरसायकलवरून घरी जेवायला येत होता. कळंबोलीच्या वळणावर एका ट्रेलरने त्याला घेतलं. इस्पितळात न्यायची वेळ आलीच नाही. त्या दिवसाबद्दल मी इतकंच लिहीन. मी अनेकदा जास्त लिहून पाहिलंय आणि फाडून टाकलंय.

त्यानंतर वर्षभर आमच्या घरात मोठ्याने कुणी बोललं नाही. बाबांची सहा आसनी रिक्षा होती, पनवेल स्टेशन ते कामोठे. ते सकाळी निघायचे आणि शक्य तितक्या उशिरा परतायचे. आई कामं सगळी करायची. तिने एक दिवसही चूल थंड ठेवली नाही. पण भाकरी थापताना तिचे ओठ हलायचे ते थांबले. लग्नांचा मोसम पुन्हा आला तेव्हा शेजारच्या आळीत हळदीचा ढोल वाजला, आणि आई हात पुसून पडवीत येऊन बसली. कुणीतरी बोलवायला येईल असं तिला वाटत असावं. कुणी आलं नाही. जिचा लग्नाचा पोरगा गेला तिच्या तोंडून दुसऱ्याच्या पोराला हळदीचं गाणं कसं म्हणवून घ्यायचं, हे तोंडावर कुणी बोललं नाही. बोलावणंच येईना. पुढच्या लग्नाला आई पडवीतही आली नाही. काकीला ते सहन होत नव्हतं. ती एकटी त्या लग्नांना जायची आणि परतल्यावर आईसमोर लग्नाचा विषय काढायची नाही.

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षी मे महिन्यात अनघा मॅडम आमच्याकडे आल्या. पनवेल शहरातल्या, तिशीच्या आतल्या, गळ्यात ओळखपत्र आणि उन्हाने लाल झालेला चेहरा. हायवेच्या पलीकडच्या मोठ्या मैदानावर देशोदेशींच्या लोककलांचा महोत्सव भरणार होता आणि त्यात आपल्या भागातलं पारंपरिक लग्न दाखवायचं ठरलं होतं. कुणीतरी आईचं नाव सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, फक्त हळदीचा प्रसंग, स्टेजवर छोटासा सेट असेल, एक मुलगा नवरा म्हणून बसेल आणि तुम्ही ओरिजिनल गाणी म्हणायची. आईने नाही म्हटलं. मॅडमनी सरबत संपवलं, जायला उठल्या, तेव्हा बाबा बाहेरून आले होते आणि दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, ती येईल. बाबांनी आईसाठी कधी काही परस्पर ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या मनात काय होतं ते आता मला कळतं. त्यांना वाटत होतं, एकदा घशातून आवाज निघाला की बाकीचं आपोआप सुटेल. काकीलाही तेच वाटत होतं, तिचा विचार तर आणखी पुढचा होता. स्टेजवरचं लग्न खोटं, त्याला कसला शकुन-अपशकुन, आणि एवढ्या लोकांसमोर गायली की गावही पुन्हा बोलवायला लागेल. नवरा म्हणून कोण बसणार असा प्रश्न आला तेव्हा काकीचा रोशनच पुढे झाला. त्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर व्हायचं होतं. तो हसत म्हणाला, बसतो मी, सवय होईल. काकीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण तीही हसली. त्या आठवड्यात दोघी जावा दुपारी पडवीत बसून उजळणी करायच्या. आई हलक्या आवाजात ओळ टाकायची, काकी उचलायची, आणि नावाच्या जागेवर आई नीट ‘रोशन’ म्हणायची. एकदाही चुकली नाही. बाबा त्या दिवसांत दुपारी जेवायला घरी यायला लागले. एकदा तर बाजारातून ताजी मांदेली घेऊन आले आणि आईने तव्यावर कुरकुरीत तळली. आमच्याकडे वर्षभरात कुणी मासळी निवडून आणली नव्हती, जे दारात विकायला येईल ते घ्यायचो. मी निकालाची वाट बघत होते आणि मला वाटत होतं की घर सावरतंय. सोळा वर्षांच्या मुलीला असं वाटायला फार थोडं पुरतं.

महोत्सवाच्या दिवशी आम्ही बाबांच्या रिक्षातून गेलो. आई, काकी, मी, साथीच्या दोन शेजारणी, आणि पुढे बाबांशेजारी रोशन. ऊन उतरायचं होतं. मैदानावर टँकरने पाणी मारून धूळ बसवली होती, तरी पायाखालून गरम वाफ येत होती. बांबूच्या कमानी, प्रत्येक देशाची वेगळी झोपडी, वर रंगीत कापडांची झालर. एका झोपडीत एक माणूस मातीच्या भट्टीत भिंतीला रोट्या चिकटवत होता. एकीत कागदी छत्र्या रंगवत होते. ढोल वाजवणारे उंच काळे लोक सावलीत बसून आमच्याचसारखा घाम पुसत होते आणि त्यातला एक जण उसाचा रस पीत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी माणसं इतक्या जवळून पाहिली आणि मला आश्चर्य वाटलं ते त्यांच्या थकव्याचं. तासाभराने नाचताना तीच माणसं अगदी वेगळी दिसली.

आमच्या भागाचीही एक झोपडी होती. शेणाने सारवलेली जमीन, भिंतीवर तांदळाच्या पिठाची चित्रं, टांगलेलं जाळं आणि चुलीत लाकडांखाली लाल बल्ब. पनवेलच्या, खांदेश्वरच्या इमारतींत राहणारी कुटुंबं त्या चुलीपाशी पोरांना बसवून फोटो काढत होती. काकी ते बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आईने बल्बच्या उजेडात हात शेकल्यासारखे केले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तो आईचा खेळकरपणा मी वर्षभराने पाहत होते. हे लिहिताना मला वाटतं, तेवढ्यावरच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. पण तेव्हा आम्हाला पुढे जायचं होतं, सगळ्यांनाच.

कलाकारांना बसायला मागे एक कापडी मंडप होता. आमच्या शेजारी परदेशी बायकांचा एक चमू होता, कुठल्याशा डोंगराळ देशातल्या. देशाचं नाव मी फलकावर वाचलं होतं, आता खात्री नाही, बहुतेक जॉर्जिया. काळे लांब झगे, डोक्याला रुमाल. त्यातली एक आईच्या वयाची, जाडजूड, सुजलेल्या पायांची बाई आईशेजारच्या खुर्चीवर बसली होती. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती. त्या बाईने आधी आईच्या नाकातल्या नथीकडे बोट दाखवून मान डोलावली, मग आईने तिच्या रुमालाची किनार हातात घेऊन पाहिली. काकीने डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. बाईने ती खाल्ली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने आणखी मागितली. आम्ही सगळ्या हसलो. मग तिने झग्याच्या खिशातून एक फोटो काढून आईच्या हातात दिला. तिचा मुलगा. लग्नातला फोटो होता, डोक्यावर मुकुट घातलेला, आमच्याकडे नवऱ्याला बाशिंग बांधतात तसा. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे माझा. मग आईकडे बोट करून तिने भुवया उंचावल्या. तुझा?

आईने फोटो बराच वेळ हातात धरला. बोटाने त्या मुलाच्या तोंडावरची धूळ पुसल्यासारखं केलं. मग मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, मला कळलं नाही, त्या बाईलाही कळलं नसावं. तिने हसून फोटो परत खिशात ठेवला. तिची काहीच चूक नव्हती.

आमची पाळी आली तेव्हा सूर्य समोरच्या इमारतींना टेकला होता आणि स्टेजवर पिवळा उजेड तिरपा येत होता. समोर खुर्च्या भरलेल्या, मागे उभी माणसं, आणि एका बाजूला आमच्या गावचीही बरीच मंडळी आली होती. स्टेजवर पाट मांडला होता. रोशन पांढऱ्या धोतरात, कपाळाला मुंडावळ्या, पाटावर बसला आणि गावच्या पोरांकडे बघून हसू दाबायला लागला. काकी हळदीची वाटी घेऊन त्याच्यासमोर. आई थोडी बाजूला, माईकजवळ. मी आणि बाबा स्टेजच्या पायऱ्यांपाशी उभे होतो. अनघा मॅडमनी इंग्रजीत आणि मराठीत चार वाक्यं सांगितली आणि मागे सरल्या.

आईने पहिली ओळ टाकली. माईकमुळे तो आवाज मैदानभर गेला आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने दचकून मान वर केली. मग लोक शांत झाले. बाबांनी माझा दंड धरला. त्यांची पकड इतकी घट्ट होती की मला दुखत होतं, पण मी हात सोडवला नाही. काकीने आणि शेजारणींनी ओळ उचलली. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. आईचे डोळे मिटलेले होते. काकीने बोटं हळदीत बुडवून रोशनच्या कपाळाला लावली, गालांना लावली, आणि नावाची जागा आली. आई म्हणाली, नितेश.

सवयीने शेजारणींनी ओळ उचलली आणि तेच नाव त्यांच्याही तोंडून गेलं. मग त्या थबकल्या. आई थांबली नाही. पुढच्या ओळीत पुन्हा नितेश. नितेशच्या अंगाला हळद, नितेशच्या दारी मांडव. तिचा आवाज अजिबात कापत नव्हता. उलट मी तिला इतक्या मोकळ्या आवाजात गाताना कधी ऐकलं नव्हतं. काकीचा हात रोशनच्या गालावर तसाच राहिला होता. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा गावच्या लोकांकडे. मग तिने पदराच्या टोकाने रोशनच्या तोंडावरची हळद पुसायला सुरुवात केली. जोरजोराने, तो लहान असल्यासारखा. त्याला दंडाला धरून उठवलं आणि स्टेजच्या मागच्या बाजूने घेऊन गेली. मुंडावळ्या पाटावर पडल्या. आई डोळे मिटून गातच होती, आता एकटी, ओळही तिचीच आणि उचलणारीही तीच.

बाबांनी माझा हात सोडला, पायऱ्या चढले आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. ती गप्प झाली. समोरच्या लोकांना वाटलं, प्रसंग असाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कितीतरी वेळ वाजवल्या. काहीजण उभे राहिले. त्या डोंगराळ देशातल्या बायकाही मंडपाच्या तोंडाशी येऊन टाळ्या वाजवत होत्या. गावच्या मंडळींपैकी एकानेही हात हलवला नाही.

मंडपाच्या मागे काकी रोशनला पाण्याच्या पिंपापाशी उभं करून त्याचं तोंड धूत होती. तो म्हणत होता, आये, काय होत नाय, सोड. आई आणि बाबा तिथे आले तेव्हा काकी वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. रागावली असती तर आईला काही उत्तर देता आलं असतं.

“बाय, माज्या पोराच्या अंगावर मेल्याचं नाव घातलंव तुमी.”

आई अगदी साध्या सुरात म्हणाली, “मी नाय घातलं गो. आलं ते.”

काकी आणि रोशन आमच्याबरोबर परतले नाहीत. गावच्या कुणाच्या तरी गाडीतून गेले. आमच्या रिक्षात त्या दोन शेजारणी खाली बघून बसल्या होत्या आणि आई बाहेर बघत होती. अनघा मॅडम धावत आल्या होत्या, त्यांना काय झालं ते समजलं नव्हतं, त्या आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या की असा परफॉर्मन्स त्यांनी कधी पाहिला नाही. आईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी काकीने गावदेवीला नारळ वाढवला, रोशनवरून कोंबडा उतरवला, उरणहून कुणा जाणत्याला बोलावलं. हे सगळं सामाईक पडवीत चाललं होतं आणि आम्ही आत दार लावून बसलो होतो. पावसाळ्याच्या आधी काकांनी पडवीच्या मध्ये विटांची भिंत घातली. त्याबद्दल ते बाबांशी नीट बोलले, बाबांनीही हो म्हटलं. दोन्ही भावांना वाईट वाटत होतं आणि दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतर रोशनचं लग्न झालं. पत्रिका आमच्या दारात ठेवली गेली, कुणी हातात दिली नाही. हळदीला डीजे होता. भिंतीच्या या बाजूला आमची भांडी थरथरत होती आणि आई दुसऱ्या दिवसासाठी वाल सोलत होती.

रोशनला काही झालं नाही, हे सांगायला हवं. त्याला दोन मुलगे आहेत, त्याचं पोट सुटलंय, द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे आणि मी दिसले की लांबूनच हात करतो. सुरुवातीला मला वाटायचं, वर्ष-दोन वर्षं गेली, त्याचं सगळं नीट चाललंय हे दिसलं, की काकीची भीती जाईल. तिची भीती गेली नाही. मुलगा जगला तो आपण वेळेवर हळद पुसली म्हणून, असं ती शेवटपर्यंत मानत राहिली. आई वारली तेव्हा ती आली, आईच्या पायांशी बसून रडली, आणि उठून परत भिंतीपलीकडे गेली.

अनघा मॅडम त्यानंतर रेकॉर्डर घेऊन आल्या होत्या. आईने त्यांना चहा दिला आणि आपल्याला धवले येत नाहीत म्हणून सांगितलं. त्यांना ते खोटं वाटलं. मलाही बरीच वर्षं ते खोटं वाटत होतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा गावात धवलारीण उरली नव्हती. हळद दुपारी होती. मांडवात स्पीकर लावले होते आणि पोरं नाचत होती. मला तयार करायला आत बसवलं तेव्हा खोलीत फक्त मी आणि आई होतो. मी दार लावून घेतलं आणि तिला म्हटलं, आई, इथे कुणी नाही, फक्त माझ्यासाठी म्हण, हळू म्हण, माझ्या नवऱ्याचं नाव घालून. तिने नाही म्हटलं नाही. ती माझ्यासमोर बसली, बोटं हळदीत बुडवली आणि माझ्या गालाला लावली. तिचे ओठ हलले. पहिली ओळ, दुसरी, आवाजाशिवाय. मग ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली.

“नको,” ती म्हणाली. “तोंडात त्याचंच नाव येतं. तुला नको लागायला.”

तिने हात पदराला पुसले, दाराची कडी काढली आणि बाहेर गेली. मला आतून ऐकू आलं, ती आचाऱ्याला विचारत होती की वड्यांचं पीठ कमी तर पडणार नाही ना.